पसंतीक्रम

अमळनेरला, बसस्टँडमागच्या गल्लीत,
राजमलच्या कॉम्प्युटरवर गेल्या वर्षी
शेवटची यादी लागली तेव्हा
मी नाव शोधायला खालून सुरुवात केली.
खालून शोधलं की अपमान कमी होतो, असं वाटलं होतं.
होत नाही.
अकरा मार्क.
राजमल म्हणाला, प्रिंट काढू?
कशाची, ते त्यालाही कळलं नसावं.
काढली. दोन रुपये घेतले नाहीत.

आई ओट्यावर मिश्री लावत होती.
बोट दातांवर तसंच ठेवून म्हणाली,
"नंबर नही लागना?"
मग चूळ भरली, कळणाचं पीठ मळायला घेतलं.
त्या रात्री कोणी कोणाला समजावलं नाही.
फक्त धुळ्याहून आत्याचा फोन:
"टाकी द्या तिले बीएस्सीले."

दिवाळीनंतर मिराशी मॅडमच्या दवाखान्यात जाऊ लागले,
पाच ते आठ.
आधी काम एवढंच: चपला सरळ करायच्या
आणि दुसऱ्यांचे नंबर पुकारायचे.

मॅडम सावंतवाडीच्या.
आठ वर्षं झाली इथे येऊन,
पण मारवडची म्हातारी गाल धरून
"डाढ ठनकस, कान लगून" म्हणाली
की त्या माझ्याकडे बघत.
ठणकतं म्हणजे आत पू.
शिवशिवतं म्हणजे वरची झीज.
आणि "काही नही, जराखं" म्हणणारा माणूस
दोन रात्री झोपलेला नसतो.
हे पेपरात येणार नव्हतं,
मला पक्कं माहीत होतं.

एकदा पेशंट नव्हते. मॅडम म्हणाल्या, जुना पेपर आण.
चिमट्यांच्या ट्रेशेजारी पसरला.
"हे येत नव्हतं, की वाचलं नव्हतं?"
"वाचलं होतं."
"किती वेळा?"
मी बेसिनवरच्या साबणाकडे पाहिलं.
"बरं. आणि दातच का?"

गेल्या वर्षीच्या फॉर्मात उत्तर लिहिलेलं होतं:
वर चौतीस एमबीबीएस,
तळाला दोन बीडीएस,
पंगत उठल्यावर पातेल्यात राहिलेल्या भाजीसारखे.
ते मी त्यांना सांगितलं नाही.

मग पहाटे चारचं फिजिक्स.
आखाजीला पोरी निंबाखाली झोक्यावर,
मी खिडकीत बसून दोलनकाल काढत होते;
झोका वर गेला की त्यांचं हसू,
खाली आला की माझं गणित चुकायचं.
कपड्याच्या साबणाच्या वडीतून दाढ कोरली.
पहिली बटाट्यासारखी.
सातवी आईने उचलली, उजेडात धरली,
आतून गालावर जीभ फिरवली तिने
आणि म्हणाली, "मनी हाई पडी जायेल शे."
कधी पडली, कोणाला दाखवली होती का,
एवढ्या वर्षांत मी विचारलंच नव्हतं.
(मिश्री सुटलेली नाही.
डबी जागा बदलते, एवढंच.)

मार्क वाढले.
किती, ते सांगत नाही; गल्लीत आधीच चार आकडे फिरताहेत.

यंदा पुन्हा राजमलकडे.
रँक, दाखला, व्हॅलिडिटी, नॉन-क्रिमिलेअर,
सगळ्याला रकाना आहे.
म्हातारीच्या गालाला नाही.
पसंतीक्रमात पहिल्या ओळीवर मी बीडीएस टाकलं,
दुसऱ्यावर बीडीएस,
तिसऱ्यावरही.
राजमलने चष्मा वर केला.
"ताई, उलटं व्हयी गयं."
"नही."
"एमबीबीएस खाले ग्यं ना."
"राहू दे."
घरी अजून सांगितलेलं नाही, हे त्याला नाही सांगितलं.

कॉम्प्युटर विचारत होता: नक्की?
तेवढ्यात लाइट गेली.
पंखा थांबत थांबत थांबला,
यूपीएस टीं टीं करू लागला,
राजमल ओरडला, लवकर, बॅटरी जुनी शे!

मी दाबलं.

लाइट यायला पाऊण तास.
बसून राहिले. प्रिंट घेतली.
या वेळी त्याने दोन रुपये घेतले.