खांदा आधी

सेक्टर पंधराच्या पार्किंगचा उतार
सकाळी सहाला रिकामा असतो.
मी खडूने सिमेंटवर लाट काढते,
म्हणजे नुसती एक वाकडी रेघ,
आणि तिच्या माथ्याशी पाण्याची बाटली ठेवते:
इथे वळायचं.

चाकांची फळी, गुडघ्यांना पट्ट्या, वय एक्केचाळीस.
वॉचमन यादव खुर्ची जरा मागे सरकवतो.

आधी नजर. मग खांदा. मग कंबर.
पाय सगळ्यांत शेवटी.
पाढ्यासारखं पाठ आहे,
आणि दर वेळी पायच पुढे निघतात
लग्नघरातल्या आगाऊ पोरासारखे.
बाटली पडते, गडगडत गेटपर्यंत जाते.

मागच्या महिन्यात उरणला
एक लाट मिळाली होती. कमरेएवढी, गढूळ,
उजवीकडे सावकाश उलगडत जाणारी.
मी उतरले आणि लगेच वळले,
तळ गाठायच्या आतच.
फळीची कड पाण्यात रुतलीच नाही.
लाट माझ्यावाचून पुढे गेली
आणि मी नाकातली वाळू शिंकरत
तिची पाठ बघत राहिले.

हसुराम नाखवांना हे सांगितलं.
दिवाळे जेटीवर ते जाळं सांधत होते,
दोरा दातांत.
"लाटंवं उबं ऱ्हायाला पैसं देतंस, बाय?"
मग म्हणाले, "करून दाव."
मी जेटीवरच गुडघे वाकवले, हात पसरले.
कोलंबी निवडणाऱ्या बायका
तोंडाला पदर लावून हसल्या.
"पायांकरं कला बगतंस?
पाय काय पलून जातान?"

खाडीला लाट नसते.
पण एक बार्ज गेला बेलापूरकडे
आणि त्याच्यामागे पाणी उठलं.
"किती येतील?"
तीन, म्हटलं मी.
सात आल्या. चौथी सगळ्यांत मोठी.
आणि सातही जणी एकाच जागी,
जेटीपासून वीसेक हातांवर,
जरा थबकल्या, उंच झाल्या,
एका बाजूने कलल्या.
"तयां दांडा हाय, पान्याखालती.
फुटल्यावं बगून काय उपेग?
कलतं कवा, तां बग."

मला दांडा दिसत नव्हता.
थबकणं मात्र दिसलं,
श्वास घेऊन बोलायला लागणाऱ्या माणसासारखं.
बार्ज लांब गेला तरी आम्ही बसून होतो.
त्यांची सुई चालू होती. मी मोजत होते.

आज उतारावर मी घाई केली नाही.
तळापर्यंत जाऊ दिलं,
जिथे चाकं जड होतात
आणि गुडघ्यांना वाटतं, आता नको,
तिथे एक आकडा मोजला.
बाटलीकडे न बघता बघितलं तिच्या पलीकडे,
दुसऱ्या मजल्याच्या ग्रिलवरच्या पिवळ्या टॉवेलकडे.
खांदा गेला तिकडे.
कंबर गेली खांद्यामागे.
पायांना कुणी काही विचारलंच नाही.

चाकांचा आवाज बदलला,
खरखर संपून
ताग्यातलं कापड एका दमात फाडावं तसा लांब.

यादव म्हणाला, "अच्छा था."
पुढच्या खेपेला बाटली पुन्हा पडली.
त्याच्या पुढच्या खेपेला मीही.

रविवारी भांग आहे. नाखवा म्हणतात, पाणी मेलेलं असेल.
तरी फळीला मेण लावून ठेवलंय.

सेक्रेटरींनी खडूची रेघ पुसायला लावली.
यादवने बादली ओतली, झाडू मारला.
माथ्याचा वीतभर तुकडा
त्याने पुसला नाही, की राहून गेला,
मी विचारलं नाही.