नीलव्वाचा डबा

निपाणीच्या शाळेत, सातवी ब च्या वर्गात
नऊ दिवस आमचं बिऱ्हाड होतं.
फळ्यावर कुणाचं तरी गणित अर्धंच,
खाली जत्राटची अकरा घरं, दोन शेळ्या,
आणि वेदगंगेचा वास,
अंघोळ केली तरी न जाणारा.

मदत आली. खूप आली.
एका टेम्पोतून शेरवानी आली,
नुसत्या डाव्या पायांचे बूट आले.
एक ब्लँकेट सहाजणांनी मिळून धरलं
आणि आईला मध्ये घेऊन फोटो काढला.
आई म्हणाली, "हसायचं का रडायचं, तेवढं सांगा."

मग रात्री सौंदत्तीकडची लॉरी.
ताडपत्रीखाली ज्वारीच्या कडक भाकरी,
धोतराच्या फडक्यांत शेकड्यानं बांधलेल्या,
दर गठ्ठ्याची थाप निराळी.
उतरवणाऱ्या पोराला मराठी येत नव्हतं.
"ऊटा माडरी," म्हणाला
आणि पुढच्या वर्गाकडं गेला.

आमच्या गठ्ठ्यात एक स्टीलचा डबा निघाला,
शेंगाचटणीनं गच्च.
झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव, कानडीत.
विड्या वळून गुळगुळीत झालेलं बोट
आई त्यावरून फिरवत राहिली.
"रुखवताचा हाय ह्यो. चुकून आला."

बाहुबली मगदूमनं वाचून दाखवलं :
नीलव्वा मुरगोड.
मुरगोड हे गाव, की आडनाव?
तिकडं गावाचंच आडनाव होतं,
त्यालाही सांगता येईना.

पाणी उतरलं. भिंत एकच उरली,
तिच्यावर छातीएवढी चिखलाची रेघ.
पंचनाम्यात भांडी : काही नाही.
तलाठ्यापुढं आईनं डबा काढलाच नाही.
"त्ये आपलं न्हवं."

रिकामं भांडं परत करायचं नसतं,
एवढा नियम पुरात वाहून गेला नव्हता.
पण भरायचं काय?
तांदळावर सरकारचा शिक्का,
चहापूड कुठल्याशा मंडळाची.
दुसऱ्यानं दिलेलं तिसऱ्याला कसं द्यायचं?

संक्रांतीला पहिला आपला गूळ भरला.
सौंदत्ती गाडीचा कंडक्टर हसला :
"अक्का, मुरगोडात गल्लीगणिक एक नीलव्वा."
गूळ आम्हीच खाल्ला. मग फुटाणे. मग तिळाची चटणी.
दर वेळी डबा भरायचा, वाट बघायची,
खवट व्हायच्या आत खायचं.

दोन वर्षांनी घटप्रभा फुगली.
गल्लीत रिक्षा फिरली, कर्णा लावून.
मी फळीवर हात नेला तर आई ओरडली,
"त्यो कसा देतोस? त्यो नीलव्वाचा!"
स्वतःचा नवा डबा तिनं काढला,
शेंगा भाजल्या, लसूण कुटला,
झाकण दाबून बसवलं.

"नाव घालून आणू?
चौकात बसतो तो कोरणारा."

"नको," आई म्हणाली,
"परत करायपायी त्या बाईचा जीव जाईल."

रिक्षा गोकाकच्या रस्त्याला लागली.
आई आत आली,
फळीवरचा डबा हलवून बघितला.
अर्धाच वाजत होता.