दशा

पहाटे चारपर्यंत मी दशा वळत होते.
दोन दोरे मांडीवर, तळहाताखाली एकच पीळ,
गाठ. पुढचे दोन.
सणाआधीच्या आठवड्यात अख्ख्या अदिस अबाबाला
पांढरं नेटेला हवं असतं, आणि तेही उधारीवर.
आई म्हणाली, सुराफेलला घेऊन जा,
त्याने दमेरा पेटताना अजून पाहिला नाही.
बाबा मागाच्या खड्ड्यातूनच ओरडले,
"मधला खांब कुठल्या दिशेला पडतो ते नीट बघून ये.
त्यावर वर्ष असतं."

निळ्या मिनीबसमध्ये तिघांच्या सीटवर पाच जण.
माझा गाल खिडकीवर आपटत राहिला.
चौकाच्या बऱ्याच अलीकडे उतरवलं,
मग तीन वेळा झडती.
तिसऱ्या बाईने माझे तळवे उलटून पाहिले,
लाल. "भाजलं का गं?"
"नाही," म्हटलं, "सण आहे."

पायऱ्यांवर माणसं, माणसांच्या खांद्यांवर पोरं,
पोरांच्या मुठीत पिवळी अदेय फुलं.
बाकी सगळं पांढरं.
दुसऱ्या कुणाला ते ढगासारखं दिसलं असेल.
मला नुसते काठ दिसत होते.
हा आमच्या शिरोमेडातला. हा मशीनचा, स्वस्तातला.
ही गाठ अस्कालेच मावशीची,
ती नेहमी डावीकडून मारते.

उभं. अजून उभं.
ढोल, धर्मगुरूंच्या जरीच्या छत्र्या, भाषण,
मग त्या भाषणाचं कौतुक करणारं भाषण.
रविवारच्या शाळेची मुलं क्रूसाच्या आकारात उभी राहिली.
त्यात आमच्या वर्गातली हिरुत, हिरव्या झग्यात,
जांभई देताना मला सापडली. नजर चोरली तिने.
सुराफेल: पाणी.
सुराफेल: शू.
सुराफेल: हे लोक पेटवत का नाहीत?
मी सोळा वर्षांची आहे.
माझे गुडघे बाबांच्या वयाचे झाले होते.

ऊन कललं तेव्हा माझ्यापुढे एक थोराड बाई होती.
पाठीवर निळा काठ
आणि काठाखाली माझ्या दशा.
परवा रात्रीच्या. एका जागी पीळ उलटा गेलेला,
बाबांना मी कळू दिलं नव्हतं.
तो उलटा पीळ चिमटीत धरला.
मग, एवढ्यापुरतंच, म्हणून
कपाळ टेकलं.
बाई हलली नाही.

नंतर धूर आला असणार.
घंटा, आणि हजारो बायकांच्या जिभांचा तो लवलवता सूर.
कुणीतरी ओरडलं, पडला, पडला!
मी त्या सगळ्या आवाजाच्या खाली कुठेतरी होते,
जिथे दोरे नसतात.

डोळे उघडले तर निखारे.
सुराफेल त्या बाईच्या कडेवर, तोंडभर भाजलेला मका.
"याला मी दाखवलं उचलून," ती म्हणाली.
"तू उभ्याउभ्या घोरत होतीस."
तिच्या खांद्यावर माझ्या लाळेचा ओला डाग.
तिने पाहिला, आणि पदर त्यावर ओढून घेतला.

परतीच्या बसमध्ये विचारत सुटले.
कंडक्टर म्हणाला, पूर्वेला, धान्य मुबलक.
एक म्हातारा म्हणाला, उत्तरेला,
आणि पुढे काहीच बोलला नाही.
मेणबत्तीचं मेण नखाने खरवडणारी मुलगी म्हणाली,
माझ्या मोबाइलमध्ये नुसतं पुढच्याचं डोकं आलंय.

आई दारातच. "काय ही दशा करून घेतलीस!"
बाबा खड्ड्यातून वर आले होते,
सहसा जेवायलाही येत नाहीत.
"हं? कुठे पडला?"
मी सुराफेलकडे पाहिलं.
तो बुटाची लेस दातांनी सोडवत म्हणाला,
"कुठेच नाही पडला. खाली बसला.
दमला होता तो."

बाबा हसले नाहीत.
पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण,
यात हे कुठे बसवायचं, असा चेहरा करून
बराच वेळ उभे राहिले.
मग माझ्या केसांतला धूर हुंगला,
"उरलेली सहा उद्या बघू,"
आणि त्यांनीच दिवा मालवला.

अंधारात माझा तळहात मांडीवरून
आपोआप पुढे गेला, मागे आला,
पुढे गेला.
दोरा नव्हता.