उसना आवाज

माझ्या भावाच्या गळ्यात एक पाटी असते, काचेची,
कोपऱ्यात तडा गेलेली.
तिच्यात मी आहे.

आधी तिच्यात कुणी परकी बाई होती,
फार स्वच्छ इंग्रजी बोलायची.
ओडेराने तिला एकदा ऐकलं
आणि पाटी ओमेनाच्या टोपलीखाली पुरून ठेवली.
मग किसुमूच्या काठावर, उलट्या होडीच्या सावलीत
मी एकेक शब्द भरत बसलो.
पी म्हणजे पाणी. केच म्हणजे भूक. ओरोमो, पुरे.
त्या वर्षी माझा आवाज फुटत होता,
म्हणून पाणी तो पोराच्या आवाजात मागतो
आणि 'पुरे' म्हणताना एक मिशीवाला माणूस बोलतो.
वर्ग हसतो. तोही हसतो,
पण 'पुरे'ला नाही, 'पाण्या'ला.
का ते मला अजून कळलेलं नाही.

सगळ्यात शेवटी भरला तो आदागी.
नाही. मला नको.
आई म्हणाली, हा कशाला शिकवतोस,
याचे नकार काय थोडे आहेत?
मी म्हटलं, आई, हा नसला
तर बाकीचे सगळे मागण्याचेच शब्द उरतात.

परीक्षेच्या आठवड्यात ओबुरा सरांनी पाटी कपाटात ठेवली.
खेळणं आहे, इतरांचं लक्ष जातं, म्हणाले.
किल्ली खिशात, रुमालाच्या घडीत.
सर, बडबड्या पोरावर रागावलात
तर त्याची जीभ काढून
खडूच्या डब्याशेजारी ठेवता का?
तिसऱ्या दिवशी ओडेराने भिंतीवर डोकं आपटलं.
तुम्ही वहीत लिहिलंत: वर्तन वाईट.
मी तिथे लिहिलं असतं: आदागी.

हे सगळं मी पालकसभेत बोलणार होतो,
पाठ करून गेलो होतो.
तोंडातून निघाली ती गुरुवारची गोष्ट.

दुपारी सरोवरावरून सर आली.
पत्र्यावर असा दणदणाट
की अवुओर बाईंचे नुसते ओठ हलत होते.
बाई ओरडल्या नाहीत. थांबल्या.
फळ्यावर चित्र काढलं, बाण काढला,
बोटं दाखवली,
एकीचं पान स्वतः उलटून दिलं,
आणि वाट पाहिली. वाट पाहिली, सर,
हे मी खिडकीतून बघितलं.
साठ मुलं मानेने, बोटाने, भुवईने उत्तरं देत होती.
वीसेक मिनिटं तुमचा अख्खा वर्ग
माझ्या भावाच्या गावी जाऊन आला
आणि कुणाचं काही बिघडलं नाही.
ओडेरा? कानांवर तारा कापलेले जुने हेडफोन,
आणि हात सगळ्यांच्या आधी वर.
मग पाऊस थांबला, बाई बोलू लागल्या,
आणि तो जागचा न हलता
मागच्या बाकावर जाऊन बसला.

म्हणजे येतं तुम्हाला.
पत्र्यासाठी जे करता
ते एका मुलासाठी करा, एवढंच.
आणि तुमच्या कचेरीतला तो एक प्लग,
ज्यावर चहाची किटली असते,
तो रोज तासभर आम्हाला द्या.

सर म्हणाले, बघू, विचार करू.
खिशाकडे हात गेला नाही.
कुणीतरी खोकलं. कुणाचा तरी फोन वाजला.
अवुओर बाई उठल्या,
किटलीची पिन उपटली
आणि सरांपुढे तळहात पसरून उभ्या राहिल्या,
किल्ली मिळेपर्यंत.

आता पाटीत नवा एक शब्द आहे,
बाईंच्या आवाजातला: थांब, मी सांगतोय.
काल जेवताना मी ओडेराच्या वतीने
त्याला काय हवं ते सांगत होतो,
नेहमीसारखा, घाईघाईने.
त्याने उगालीचं बोट पुसलं, बटण दाबलं,
आणि बाई मला रागावल्या.