सात नंबर

फेब्रुवारी संपता संपता
इब्रीतल्या एसीच्या जाळ्यांत
धूळ रंग बदलते.
आधी करडी, वाळूची. मग एके दिवशी
हळद सांडल्यासारखी.
मी स्क्रू काढतो, जाळी ओढतो, श्वास धरतो.
धरलेला श्वास किती पुरतो
हे बारा वर्षांत मोजून झालंय:
दोन स्क्रू आणि अर्धा.

मग टाळूला आतून मुंग्या.
जिभेनं टाळू खरवडतो, तो आवाज
कोंबड्यांना बोलवल्यासारखा येतो
आणि शिडी धरलेला पेरियसामी हसतो.
कानात खाज, जिथं बोट पोचत नाही तिथं.
पापण्या भिजल्या वालासारख्या.
मग शिंका, सटासट, नऊ, अकरा,
एकदा तर एकवीस,
कुणा राजाला सलामी द्यावी तशा.

शेजारच्या बागेत नासिर बिन खल्फान
खजुरीवर चढलेला असतो.
नराचा तुरा मादीच्या घोसात खोचून
वर सुतळी बांधतो,
गजरा माळावा इतक्या हलक्या हातानं.
पन्नासांना एक नर पुरतो, सांगतो,
बाकीचे आम्ही ठेवतच नाही.
त्याच्या खिशातून पिवळं उडतं.
मी शिंकतो. तो वरूनच म्हणतो, यरहमक अल्लाह.
आमच्या खोलीच्या दारावर पाटी आहे: फक्त बॅचलर.
सहा जण. सहाही लग्नाचे.

मला वाटायचं, खजूरच.
आठ दिवस गोळी बंद ठेवून
दवाखान्यात गेलो. झुवैना सिस्टरनं
हाताच्या आतल्या बाजूला पेनानं आकडे लिहिले,
एकेक थेंब, एकेक टोचणी.
पंधरा मिनिटं खाजवायचं नाही.
चार नंबर खजूर: सपाट.
सातला गांध उठली,
डास चावल्याएवढी, मग रुपयाएवढी,
कडेनं लाल.
तिनं तक्त्यावरचं नाव वाचलं, मला कळलं नाही.
मग तिनं खिडकीबाहेर बोट केलं.
पार्किंगच्या कडेला, गाड्यांवर वाकलेली
वेडी बाभूळ.

आटपाडीच्या माळावरची!
हिच्या शेंगा शेरडांना घातल्या,
हिचा काटा चपलेतून आरपार,
हिचा कोळसा पोत्यांत भरून
अण्णानं माझी दहावीची फी भरली.
हिच्याच सावलीत डबा खायचो,
एकदाही शिंकलो नाही.
ही इथली नाही, सिस्टर म्हणाली,
कुणी हिरवळीसाठी आणली, आता निघता निघत नाही.
अंगानं हिला इतक्या उशिरा का ओळखलं,
आणि ओळखलं ते असं का,
हे विचारण्याइतकी माझी अरबी नाही.

रात्री आईचा फोन.
आवाज का बसलाय? थंडी.
गोळी घेतलीस? घेतली.
(घेतली की झोप येते. शिडीवर झोप चालत नाही.)
कधी येतोस?
एप्रिलमध्ये, म्हणालो, नक्की,
आणि शिंक आली.
सत्य आहे, आई लगेच म्हणाली,
बघ, सत्य आहे.
तिनं ते आत कुणाला तरी ओरडून सांगितलं.
रजेचा अर्ज माझ्या उशीखाली,
सही अजून माझीसुद्धा नाही.
मी नाक दाबून बसलो,
दुसरी येऊ नये म्हणून.
दुसरी आली.