लाभ, दोन, तीन

फ्रिज आणि शिलाई मशीन यांच्यामध्ये
साडेपाच फरश्या आहेत. शहाबादी.
त्यातली एक हलते.
एवढं माझं मैदान.

फोन ज्वारीच्या डब्याला टेकवून ठेवलाय.
त्यातला माणूस पांढऱ्या कपड्यांत, अनवाणी,
त्याच्या मागं हिरवळ, कुठलंतरी तळं.
माझ्या मागं उद्याच्या पाण्याचे हंडे.
तो म्हणतो, पाय फाकवा, गुडघे वाकवा,
घोड्यावर बसल्यासारखं.
मी घोड्यावर कधी बसले नाही.
मानवतच्या जिनिंगवर वजनकाट्याच्या खिडकीत बसते,
सकाळी नऊपासून गाड्या संपेपर्यंत.
मांड्या थरथरायला लागल्या तेव्हा कळलं
खुर्चीनं बारा वर्षांत काय काय नेलंय.

कुणी काही केलं का, असं विचारू नका.
वन्संनी विचारलं तेव्हा मी खाली बघितलं,
जणू काही न घडणं ही माझीच चूक.

तो परदेशी आकड्यांत मोजतो.
माझी जीभ अडते, मग हातही चुकतो.
एका रात्री तोंडातून आपोआप आलं,
अण्णा खळ्यावर पायलीनं ज्वारी मोजताना म्हणायचे तसं:
लाभ.
एक म्हणायचं नाही, एक म्हटलं की रास आटते.
लाभ, दोन, तीन.
एक मूठ जाते, दुसरी कमरेला परत येते.
सहाला ओढणी सुटते. नवाला फरशी हलते.

मारणाऱ्या हाताकडं सगळेच बघतात,
तो माणूस म्हणतो, परत येणाऱ्या हाताकडं बघा.
हे मला आधीपासून माहीत होतं.
भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, मग रिकामी.
रिकामी परत आल्याशिवाय
कापसाचं वजन निघत नाही.

आवाज मात्र जमत नव्हता.
दहाव्या ठोशाला ओरडायचं असतं, बेंबीपासून.
पलीकडच्या खोलीत मामंजी झोपलेले,
खाली नफीसाबी,
आणि बाईनं रात्री साडेनऊला ओरडायचं
म्हणजे आधी काहीतरी घडायला पाहिजे.
उशीत तोंड खुपसून पाहिलं. सगळं कापसात जातं.
म्हणून मिक्सर.
जवस भाजून ठेवते, भांडं अर्धं भरते,
बटण तीनवर फिरवून मैदानात येते.
घरघरीच्या आडोशानं दहाव्याला ओरडते.
पंधरा दिवसांत इतकी चटणी झाली
की ह्यांनी डेपोत डबे भरभरून वाटली.
कंडक्टर लोक म्हणाले, वहिनींच्या हाताला चव आहे.

काल, नेमकी दहाव्याला, लाइट गेली.
मिक्सर बसला.
माझा आवाज एकटाच उभा राहिला अंधारात.
हंड्यावरची ताटली वाजली की मला तसं वाटलं, कोण जाणे.
गल्लीतलं कुत्रं मात्र गप्प झालं, हे खरं.
आतून मामंजी: "कोण आलंय?"
"कुणी नाही. मीच हाय."

मग खालून, जिन्यात तोंड घालून, नफीसाबी:
"क्या हुआ गे?"
"काही नाही, चटणी करायलेय."
ती गप्प.
नंतर पायऱ्यांवर चपला.
मोबाइलचा उजेड घेऊन दारात आली,
मी अजून घोड्यावरच,
मूठ पुढं, ओढणी सुटलेली,
घरभर जवसाचा वास.
तिनं उजेड माझ्या पायांवर धरला.
बराच वेळ.
"मिरच्या कूटते वक्त मैं भी ऐसीच खडी रैती,"
म्हणाली, चपला दाराबाहेर काढल्या,
आणि येऊन उभी राहिली ती नेमकी हलणाऱ्या फरशीवर.

मी म्हटलं, तिथं नको, इकडं सरक.
साडेपाचातल्या अडीच तिला दिल्या.
आणि पुन्हा पहिल्यापासून, हळू,
लाभ.