हलू नकोस

इनारीच्या दलदलीत रात्री अकरालाही ऊन,
तरी उर्हो माझ्यासाठी फ्लॅश धरतो,
कॅमेऱ्यापासून हातभर लांब,
तोंडाला दह्याच्या डब्याचं बूड चिकटवलेलं.
"डावीकडे. अजून. खाली."
समोरून उजेड पडला की चतुर सपाट होतो;
बाजूनं आला, तर पंखाची शीर न् शीर उठते.

चतुर उडाला.
उर्होच्या मनगटावर डास मात्र निवांत.
उजेड हलेल म्हणून त्यानं मारलाच नव्हता.

"फ्लॅश दुसऱ्या हातात घे. मागून धर."
पोट फुगत गेलं,
डाळिंबाच्या दाण्यासारखं पेटलं.
"हलू नकोस."
"मी कुठे हलतोय? पितेय तिला सांग."

एकतीस वर्षांत
त्याचा इतक्या जवळून हा पहिलाच फोटो.

तो अजून खाजवतोय.